साठ टक्के म्हणजे किती?

फ्रान्सिस गाल्टन या इंग्रजाने १८६९ साली ‘हेरेडिटरी जीनियस’ नावाचं पुस्तक काढलं. बुद्धिमत्ता घराण्यातून उतरते हे दाखवण्याचा त्यातला खटाटोप आता फारसं कुणी मनावर घेत नाही, आणि त्यातून पुढे जी सुप्रजननाची पिलावळ निघाली तिच्याबद्दल न बोललेलंच बरं. पण त्या पुस्तकात केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेचे खरे गुण दिले आहेत, आणि ते मी संख्याशास्त्राच्या वर्गात हमखास फळ्यावर लिहायची. परीक्षा एकूण १७,००० गुणांची. पहिला आला, म्हणजे सीनिअर रँग्लर झाला, त्याला ७,६३४. त्याच वर्षीच्या दुसऱ्याला ४,१२३. ऑनर्सच्या यादीतल्या शेवटच्याला २३७.

मुलं लगेच भागाकार करायची. पहिल्याला पंचेचाळीसला थोडे कमी. दुसऱ्याला चोवीस टक्के. मागच्या बाकावरून हटकून आवाज यायचा, “मॅडम, म्हणजे दुसरा नापास?” आपल्याकडच्या रेघा लावल्या तर होय, नापास; आणि पहिला कसाबसा पास क्लासमध्ये. हा सगळा इंग्लंडातल्या गणिती बुद्धीचा कळस होता हे सांगितलं की वर्गात थोडी शांतता पसरायची. आकडेमोड बरोबर होती आणि निष्कर्ष वेडगळ होता. का, ते समजावून सांगण्यात माझा उरलेला तास जाई.

ट्रायपॉस मुळात तोंडी वादाची परीक्षा. एकाने लॅटिनमध्ये पक्ष मांडायचा, समोरच्यांनी तो खोडायचा, आणि अध्यक्षस्थानी बसलेल्याने ऐकून ठरवायचं की कोण कितव्या पायरीचा. अठराव्या शतकात वादाची जागा हळूहळू लेखी उत्तरांनी घेतली. एकेका प्रश्नाला आकडा लावून त्यांची बेरीज करण्याची पद्धत १७९२च्या सुमारास विल्यम फॅरिश या केंब्रिजच्याच शिक्षकाने आणली असं सांगतात. कुणीही आणलेली असो, त्या आकड्यांचं काम एकच होतं, रांग लावणं. पेपर इतके लांब आणि इतके अवघड काढायचे की ते कुणालाच पुरे होऊ नयेत. तरच पुढच्या-मागच्यात अंतर पडतं. १७,००० हा आकडा कुणी गाठावा म्हणून ठेवलेलाच नव्हता. ‘पैकी’ला काही अर्थ नव्हता. अर्थ होता तो फक्त कोण कुणाच्या पुढे याला.

निकाल सेनेट हाउसमध्ये मोठ्याने वाचला जाई. आधी रँग्लर, मग सीनिअर ऑप्टिमे, मग ज्युनिअर ऑप्टिमे, सगळे क्रमाने. आणि यादीतल्या शेवटच्याच्या हाती मित्रमंडळी लाकडी चमचा देत, पुढेपुढे तर तो वल्ह्याएवढा मोठा करत. या रांगेचा रुबाब केवढा! आणि रांगेचं भाकीत केवढं कच्चं! विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचा लॉर्ड केल्व्हिन, १८४५ साली दुसरा आला. जेम्स क्लार्क मॅक्सवेल १८५४ साली दुसरा आला. १८९० साली फिलिपा फॉसेट या मुलीने सगळ्यांपेक्षा जास्त गुण मिळवले. मुलींना रांगेत जागाच नव्हती, त्यामुळे ‘सीनिअर रँग्लरच्या वर’ अशा शब्दांत तिचा निकाल वाचावा लागला. पदवी अर्थातच दिली नाही. केंब्रिजने बायकांना पदव्या द्यायला १९४८ साल उजाडलं.

आपल्या लोकांना ट्रायपॉस ठाऊक आहे ती रघुनाथ पुरुषोत्तम परांजप्यांमुळे. दापोलीजवळच्या मुर्डीचा मुलगा, फर्ग्युसनचा विद्यार्थी, १८९९ साली सीनिअर रँग्लर झाला. त्या वर्षी पहिला नंबर दोघांत विभागून होता. दुसऱ्याचं नाव जॉर्ज बर्टविसल. पुण्यात या बर्टविसलचा उल्लेख कुणाच्या तोंडून मी तरी ऐकलेला नाही. ‘रँग्लर’ ही परांजप्यांची आयुष्यभराची उपाधी झाली, पुढे गणितज्ञ महाजनींची झाली. पण महाजनी रँग्लर झाले तोवर केंब्रिजने क्रमवार यादी छापणं बंद केलं होतं. १९०९ची यादी शेवटची. जी. एच. हार्डीसारखे गणितीच म्हणू लागले होते की या शर्यतीमुळे इंग्लंडचं गणित मागे पडतंय. पोरं गणित करत नाहीत, ट्रायपॉस करतात.

मुंबईत १८५७ साली विद्यापीठ निघालं तेव्हा त्याने केंब्रिजचा कित्ता घेतला नाही, लंडनचा घेतला. हा फरक महत्त्वाचा आहे. लंडन विद्यापीठ तेव्हा शिकवत नव्हतं, फक्त परीक्षा घेत होतं. मुंबई, कलकत्ता, मद्रास ही तिन्ही विद्यापीठं तशीच उभी राहिली. शिकवणारा वेगळा, तपासणारा वेगळा. केंब्रिजच्या परीक्षकाला मुलं चेहऱ्याने माहीत असत. मुंबईच्या परीक्षकापुढे पुण्याची, अहमदाबादची, कराचीची, धारवाडची उत्तरपुस्तिका येणार आणि तिच्यावर नुसता क्रमांक असणार. सगळ्यांची एक रांग लावण्यापेक्षा आधीच रेघ आखून ठेवणं सोपं. तिच्या वर गेला तो पास. मग पासमध्येही पायऱ्या. पहिला वर्ग, दुसरा वर्ग ही कल्पना ऑक्सफर्डची, १८०७ची. रॉबर्ट पील पुढच्याच वर्षी दोन विषयांत पहिला वर्ग घेऊन बाहेर पडला आणि यथावकाश पंतप्रधान झाला. फक्त ऑक्सफर्डला तो ‘वर्ग’ परीक्षकांच्या एकमताने ठरे. आपल्याकडे तो टक्क्याने ठरू लागला.

सुरुवातीला ही रेघ फार उंच होती. १८५९ सालच्या पहिल्या मॅट्रिकला सव्वाशेच्या वर मुलं बसली आणि पास झाली जेमतेम विसेक. १८६२ साली पहिले बी.ए. झाले ते चारच: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. चार जणांची रांग लावायला टक्के कशाला हवेत? पण विद्यापीठ वाढलं, मुलं हजारोंनी बसू लागली, आणि साठला फर्स्ट क्लास, पंचेचाळीस-पन्नासला सेकंड, पस्तीस-चाळीसला पास हे आकडे कोकणापासून विदर्भापर्यंत घराघरात तोंडपाठ झाले. लग्नाच्या पत्रिकेतही ‘बी.ए. (फर्स्ट क्लास)’ छापलं जाई. कुठल्या विद्यापीठाचा, कुठल्या वर्षीचा, त्या वर्षी किती जणांना मिळाला, हे पत्रिकेत कुणी छापलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

रेघ आखली की माणसं रेघेभोवती जगू लागतात. तपासनीस सुद्धा. मी वर्षानुवर्षं कॅपला पेपर तपासले. कॅप म्हणजे केंद्रीय मूल्यांकन. एका हॉलमध्ये सगळे तपासनीस, गठ्ठे, लाल पेनं आणि दर दोन तासांनी येणारा गार चहा. चाळीसला पास असलेल्या विषयात कुणी अडतीस आणि एकोणचाळीस देत नाही. अडतीस झाले की माणूस पुस्तिका पुन्हा चाळतो, कुठे तरी अर्धा, कुठे तरी एक सापडतोच. नाही सापडला तर उलट दिशेने जाऊन पस्तीसवर आणून ठेवतो, म्हणजे रीव्हॅल्युएशनचं लफडं नको. गुणांचा आलेख काढला तर चाळीसच्या अलीकडे खड्डा दिसतो आणि चाळीसवर टेकडी. तसाच छोटा खड्डा साठच्या अलीकडे. निसर्गात असा आलेख कुठे सापडत नाही. त्यावर मॉडरेशन, त्यावर ग्रेसचे गुण, त्यावर एटीकेटी, म्हणजे विषय राहिला तरी पुढच्या वर्गात बसायची मुभा. या प्रत्येकाला विद्यापीठाच्या ऑर्डिनन्समध्ये कलम आहे. मला या दयेबद्दल तक्रार नाही. मी स्वतः ती दाखवली आहे आणि पुन्हा दाखवीन. पण असा दयेने, भीतीने आणि कलमांनी घडलेला आकडा उद्या म्यूनिकला जाऊन दशांशचिन्हानंतरच्या दोन स्थळांपर्यंत मोजला जातो, तेव्हा मला हसू येतं.

गुण हे माप कितपत भरवशाचं, हा प्रश्न नवा नाही. फ्रान्सिस एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञाने १८८८ साली रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे परीक्षांच्या संख्याशास्त्रावर निबंध वाचला. मोजमापात जशी चूक राहते तशी गुणांतही राहते, ती नियमाने पसरते, आणि म्हणून रेघेच्या आसपासच्या बऱ्याच उमेदवारांचा निकाल हा नशिबाचा भाग असतो असं त्याचं म्हणणं. परीक्षा घेणाऱ्यांनी ते ऐकून घेतलं आणि परीक्षा चालू ठेवल्या.

त्यानंतरचा घाव घातला फिलिप हार्टॉगने, आणि हा गृहस्थ आपल्या ओळखीचा आहे. लंडन विद्यापीठात रजिस्ट्रार होता. कलकत्ता विद्यापीठाची झाडाझडती घेणाऱ्या सॅडलर आयोगावर तो आला, १९२० साली ढाका विद्यापीठाचा पहिला कुलगुरू झाला, आणि १९२९ साली हिंदुस्थानातल्या शिक्षणावर जो अहवाल निघाला त्या समितीचा अध्यक्षही तोच. आपल्या विद्यापीठांची परीक्षेवरची भक्ती त्याने जवळून पाहिलेली. मायदेशी परतल्यावर ई. सी. ऱ्होड्स या संख्याशास्त्रज्ञाला हाताशी धरून त्याने १९३५ साली परीक्षांचीच परीक्षा घेतली. त्यातला एक प्रयोग मी कधी विसरत नाही. शालान्त परीक्षेच्या इतिहासाच्या पंधरा उत्तरपुस्तिका घेतल्या, ज्यांना मूळ परीक्षेत सारखेच, मध्यम गुण पडले होते. त्या अनुभवी परीक्षकांकडून तपासून घेतल्या. मग बारा ते एकोणीस महिन्यांनी त्याच पुस्तिका त्यातल्याच चौदा परीक्षकांकडे पुन्हा दिल्या. पंधरा गुणिले चौदा, २१० निर्णय. त्यांतले ९२ बदलले. नापास, पास की क्रेडिट, या तीनच खणांत टाकायचं होतं, तरी दर पाचांत दोन वेळा माणूस स्वतःशीच असहमत झाला!

इतिहासाचं ठीक आहे, तो विषयच तसा, असं कुणाला वाटेल. अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या दोघांनी त्याआधीच, १९१२ साली, इंग्रजीचा एकच पेपर शेकड्याहून अधिक शाळांत तपासायला दिला होता आणि गुण ६४ पासून ९८ पर्यंत पसरले होते. तेव्हाही लोक असंच म्हणाले. म्हणून पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीचा पेपर पाठवला. तो पसरला २८ पासून नव्वदीपलीकडे. कुणी पायऱ्यांना गुण दिले, कुणी उत्तराला, कुणी गचाळ आकृतीचे कापले. भूमितीवर ज्यांची श्रद्धा असते त्यांना हे जड गेलं असणार.

स्वतंत्र भारताचा पहिला उच्चशिक्षण आयोग राधाकृष्णन यांचा, १९४८-४९ सालचा. एकच सुधारणा सुचवायची झाली तर परीक्षांची सुचवू, असं त्यांनी लिहिलं. सगळ्या विद्यापीठांच्या रेघा सारख्या असाव्यात हे तर त्यांनी सांगितलंच, शिवाय आकडेही दिले: पहिला वर्ग सत्तरला, दुसरा पंचावन्नला, तिसरा चाळीसला. विद्यापीठांनी साठ सोडला नाही. सोडणार कसा? ज्या विद्यापीठाने आधी सत्तर केले असते त्याची मुलं नोकरीच्या अर्जात शेजारच्या विद्यापीठापुढे मागे पडली असती. (इंग्लंडात आज पहिला वर्ग सत्तरलाच मिळतो, आणि तिथे सत्तर मिळवणं म्हणजे काय हे तिकडे शिकलेल्या कुणालाही विचारा.) १९५६ साली विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले चिंतामणराव देशमुख. मॅट्रिकला पहिले, जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीचे मानकरी, आय.सी.एस.ला पहिले. रांगेच्या जोरावर इतका वर गेलेला दुसरा मराठी माणूस शोधून सापडायचा नाही. परीक्षा सुधारायला हव्यात हे त्यांच्याही काळात बोललं गेलं, चर्चासत्रं झाली. रेघा जागच्या हलल्या नाहीत.

मग इंग्रजी पद्धतीच्या अंगावर अमेरिकी पद्धत येऊन बसली, ती आयआयटींच्या वाटेने. कानपूरला १९६२ पासून दहा वर्षं नऊ अमेरिकी संस्थांचं साहाय्य होतं. त्यांच्याबरोबर सेमिस्टर आलं, श्रेयांक आले, अक्षरांच्या श्रेण्या आल्या. पवईला एए, एबी, बीबी अशी जोडअक्षरं चालतात. एए म्हणजे दहा, एबी म्हणजे नऊ, उतरत उतरत डीडी म्हणजे चार. त्या अक्षरांचं माहेर बघायचं तर येल कॉलेजात जावं लागतं. तिथले अध्यक्ष एझ्रा स्टाइल्स यांनी १७८५ साली अठ्ठावन्न विद्यार्थी तपासून डायरीत नोंद केली: वीस उत्तम, सोळा दुय्यम उत्तम, बारा बरे, दहा वाईट. शब्द लॅटिन होते, टक्का एकही नव्हता. अक्षरं टक्क्यांना बांधली ती माउंट होलिओक या मॅसॅच्युसेट्समधल्या मुलींच्या कॉलेजाने १८९७ साली. तिथे ए म्हणजे ९५ किंवा त्याच्या वर, आणि पंच्याहत्तरच्या खाली नापास. अमेरिकी मास्तर नव्वदीत राहतो, इंग्रज मास्तर साठीत, केंब्रिजचा जुना परीक्षक विशीतही ऑनर्स देतो. कुणी कुणापेक्षा उदार नाही. प्रत्येकाने पेपर आपल्या रेघेच्या मापाने काढलेला असतो.

श्रेयांकाची कथा मात्र पोट धरून हसण्याजोगी आहे. अँड्र्यू कार्नेगीने १९०५ साली कॉलेजच्या प्राध्यापकांना पेन्शन मिळावं म्हणून एक कोटी डॉलर दिले. आता प्रश्न आला, कॉलेज म्हणायचं कशाला? कुणीही पाटी लावून पेन्शन मागायला येईल. तेव्हा विश्वस्तांनी अट घातली की ज्या संस्था प्रवेशासाठी हायस्कूलचं ठरावीक तासांचं काम मागतात त्यांनाच कॉलेज समजायचं, आणि त्या कामाचं एकक ठरवलं वर्षाला सुमारे १२० तास. पेन्शनच्या लोभाने सगळी अमेरिका तासांत मोजू लागली. मी स्वतः पेन्शनर असल्यामुळे मला त्या प्राध्यापकांची बाजू समजते. पण आज आपल्या मुलांच्या गुणपत्रिकेवर विषयापुढे जो ४ किंवा ३ हा आकडा असतो, त्याचा वंश मास्तरांच्या निवृत्तिवेतनापर्यंत जातो हे त्यांना कुणी सांगत नाही.

युरोपने हेच तास उचलले. १९८७ साली इरॅस्मस योजना सुरू झाली. इटलीचा मुलगा एक सेमिस्टर डेन्मार्कला शिकायला जाऊ लागला. १९८९ पासून त्यासाठी सामायिक श्रेयांक आले, पूर्ण एका वर्षाला साठ. हे जमलं. इटलीतलं वर्ष आणि डेन्मार्कमधलं वर्ष दोन्ही बारा महिन्यांचंच असतं, तेव्हा ते जमायला हरकत नव्हती. गुणांचं जमेना. इटलीत तीसपैकी अठराला पास. फ्रान्समध्ये वीसपैकी दहाला पास, सोळाला ‘फार छान’, आणि वीस तर देवालाच, असं तिथले मास्तर गमतीने म्हणतात. जर्मनीत उलटी गंगा, एक म्हणजे सर्वोत्तम आणि पाच म्हणजे नापास. आपल्याकडे पूर्वी धान्य मोजायची पायली होतीच की. नाव सगळीकडे एक, पण या तालुक्यातली पायली त्या तालुक्यात ओतली तर वर उरायची नाही तर कमी पडायची. इथे तर नावंही वेगळी.

ब्रुसेल्सकरांनी तोडगा काढला तो संख्याशास्त्राचा, म्हणून मला जवळचा. टक्के विसरा; पास झालेल्यांची रांग लावा. वरच्या दहा टक्के मुलांना ए, पुढच्या पंचवीसना बी, मग तीसना सी, पंचवीसना डी, खालच्या दहांना ई. इटलीचा तीस असो की फ्रान्सचा सोळा, तो आपल्या गावात कितवा हे कळलं की झालं. म्हणजे केंब्रिजने १९०९ साली फेकून दिलेली रांग, पण सभ्य आणि ढोबळ.

डेन्मार्कने तर त्यासाठी स्वतःचं मापच बदललं. तिथे १९६३ पासून शून्यापासून तेरापर्यंतची श्रेणी होती. पण त्यात बारा नव्हताच, आणि तेरा हा असामान्य माणसासाठी राखून ठेवलेला. क्वचितच दिला जाणारा तेरा युरोपच्या कुठल्या खणात घालायचा? तेव्हा २००७ पासून सात पायऱ्यांचं नवीन माप आलं: १२, १०, ७, ४, ०२, ०० आणि उणे ३. पाच वरच्या पायऱ्या युरोपच्या पाच अक्षरांना जोडलेल्या, खालच्या दोन नापासांना. ०२ आणि ०० यांच्या मागचं शून्य म्हणजे बंदोबस्त आहे. नुसता २ लिहिला तर त्याच्यामागे एक खरडून कुणीही बारा करील. मापाच्या कोष्टकात फसवणुकीची सोय इतक्या उघडपणे ध्यानात घेतलेली पाहून मला डॅनिश लोकांबद्दल आदर वाटला. आपल्याकडे अक्षरी गुण लिहून घेतात, त्यामागेही तेच कारण.

आणि एवढं करून युरोपने २००९ साली ती ए ते ई वाटणी सोडून दिली. बारा मुलांच्या वर्गात दहा टक्के म्हणजे सव्वा मुलगा. शिवाय बहुतेक विद्यापीठांकडे आकडेवारीच गोळा केलेली नव्हती, तर अंदाजाने अक्षरं लावली जात होती. नवीन मार्गदर्शिकेने म्हटलं, रूपांतर करूच नका. आपलाच गुण द्या आणि शेजारी तक्ता जोडा: आमच्या या अभ्यासक्रमात गेल्या काही वर्षांत किती टक्के मुलांना कुठला गुण मिळाला. वाचणारा काय ते समजून घेईल. इतकी वर्षं या विषयात घालवल्यावर माझं प्रामाणिक मत असं की गुणांच्या परदेश प्रवासात केलेलं हे एकमेव शहाणपणाचं काम आहे. म्हणूनच बहुधा ते फारसं कुणी करत नाही.

त्याऐवजी काय करतात ते माझ्या भाच्याने दाखवलं. त्याला जर्मनीत एम.एस. करायचं होतं. “मावशी, माझे पासष्ट टक्के म्हणजे तिकडचे किती गं?” तिकडे त्यासाठी सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात. जास्तीत जास्त गुणांतून आपले गुण वजा करायचे, त्याला जास्तीत जास्त आणि पासपुरते यांच्यातल्या अंतराने भागायचं, तिनाने गुणायचं, एक मिळवायचा. शंभरातून पासष्ट गेले पस्तीस. शंभरातून पासचे चाळीस गेले साठ. उत्तर २.७५. तिथल्या भाषेत ‘समाधानकारक’. आणि पुष्कळ अभ्यासक्रमांना २.५ च्या आत लागतात. आपल्याकडे पेढे वाटलेला फर्स्ट क्लास तिकडे दारात अडतो. हेच पासष्ट टक्के अमेरिकेला पाठवले तर तिथल्या गुणपत्रिका वाचणाऱ्या संस्था साठच्या वर दिसलं की साधारणपणे ए लिहून मोकळ्या होतात.

सूत्राला उलटं फिरवलं तर आणखी मजा आहे. २.५ मिळायला किती टक्के हवेत? पास चाळीसला असेल तर बरोबर सत्तर. राधाकृष्णन आयोगाचा सत्तर, बव्हेरियातून परत आलेला. पास पन्नासला असेल तर पंच्याहत्तर. पास पस्तीसला असेल तर साडेसदुसष्ट पुरतात. म्हणजे जे विद्यापीठ पास व्हायला जास्त मागतं त्याची मुलं जर्मनीत मागे पडतात आणि ढिलं विद्यापीठ आपल्या मुलांना पुढे ढकलतं. सूत्र गृहीत धरतं की पासपासून शंभरपर्यंतची सगळी जागा मुलांनी सारखी व्यापलेली असते. भारतीय विद्यापीठात मराठी साहित्याला नव्वद पडलेला विद्यार्थी मी पाहिलेला नाही. भाच्यासमोरच मी गाल्टनचा सीनिअर रँग्लर त्या सूत्रात घातला, पासपुरते म्हणून २३७ धरले. उत्तर आलं २.६८. भाचा म्हणाला, “म्हणजे यालाही रिजेक्ट?” दुसऱ्याचे आले ३.३०.

आता आपल्याकडेही दहाची श्रेणी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या निवड-आधारित श्रेयांक पद्धतीत ओ म्हणजे दहा, ए प्लस नऊ, असं उतरत पी म्हणजे चार. टक्क्यांपासून सुटका व्हावी हा हेतू. पण नोकरीचा अर्ज टक्के विचारतो, म्हणून प्रत्येक विद्यापीठाने पुन्हा टक्क्यांकडे नेणारं आपापलं सूत्र काढलं. कुणी दहाने गुणतं, कुणी आधी पाऊण वजा करतं, कुणी सात पूर्णांक काहीतरीने गुणून वर बारा मिळवतं. सीबीएसईने दहावीला साडेनऊने गुणायला सांगितलं होतं. श्रेणीतून टक्के आणि टक्क्यांतून जर्मन श्रेणी, असा दुहेरी प्रवास करून आलेल्या आकड्यावर मुलांची रात्रीची झोप अवलंबून असते.

माझ्याकडे अजूनही जुने विद्यार्थी शिफारसपत्रासाठी येतात. अमेरिकी विद्यापीठांच्या अर्जात शिक्षकाने भरायचा एक तक्ता असतो: हा विद्यार्थी तुम्ही शिकवलेल्यांपैकी वरच्या एक टक्क्यात, पाच टक्क्यांत, दहा टक्क्यांत की त्याखाली? हा तक्ता मी टक्केवारी न बघता भरते. मुलांना मात्र सांगते की कॉलेजच्या ऑफिसमधून वर्गात कितवा आणि कितीजणांत कितवा, एवढं एका कागदावर लिहून, शिक्का मारून आण. ऑफिसमधले आधी म्हणतात की असा काही फॉर्म नाही. साध्या कागदावर अर्ज करायचा, निकालाची जुनी गॅझेटं काढून द्यायला लावायची, आणि कारकुनासमोर बसून मोजायचं.